नजर शाबूत, पडदा आजारी

मधुमेहात रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, म्हणजेच दृष्टिपटलाच्या, केसाहून बारीक रक्तवाहिन्या खराब होऊ लागतात. या विकाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. तो म्हातारपणाचा आजार आहे असा सर्वसाधारण समज आहे आणि तो घातक आहे. या विकाराचे गणित माणसाच्या वयावर चालत नाही, त्याच्या मधुमेहाच्या वयावर चालते. साठाव्या वर्षी मधुमेह झालेल्या गृहस्थाचा मधुमेह पासष्टाव्या वर्षी फक्त 5 वर्षांचा असतो. आठव्या वर्षापासून इन्शुलिन घेणारी मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागते तेव्हा तिचा मधुमेह 15 वर्षांचा झालेला असतो. पडद्याच्या दृष्टीने दोघांत वडीलधारी तीच.

तरुणांतील मधुमेह एकाच जातीचा नसतो आणि डोळ्यांची काळजी कोणत्या दिवसापासून घ्यायची हे त्या जातीवर ठरते. टाइप 1 मध्ये स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीकडून नष्ट होतात. तहान, वारंवार लघवी आणि झपाट्याने उतरणारे वजन यामुळे हा आजार काही आठवड्यांत उघड होतो, म्हणून त्याची सुरुवात बहुधा नेमकी सांगता येते. टाइप 2 आता विशी-तिशीतही सर्रास आढळतो. तो गुपचूप येतो आणि निदानाच्या दिवशीच त्याला काही वर्षे उलटून गेलेली असू शकतात. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात टाइप 2 चे नव्याने निदान झालेल्या तिघांपैकी एकाहून अधिक जणांच्या पडद्यावर पहिल्याच तपासणीत दोष आढळले होते. काही घराण्यांत एका विशिष्ट जनुकातील बिघाडामुळे पिढ्यान्‌पिढ्या तरुणपणी मधुमेह येतो, त्याला मोडी म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, 25 वर्षांपर्यंतच्या वयात मधुमेह झालेल्यांची देशव्यापी नोंदवही 2006 मध्ये सुरू केली, ती या वेगळेपणामुळेच.

टाइप 1 च्या बाबतीत अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातला अभ्यास आजही आधार मानला जातो. मधुमेहाला 15 ते 20 वर्षे झाल्यावर जवळपास सर्वांच्या पडद्यावर काही ना काही बदल दिसले आणि 15 वर्षांच्या टप्प्यावर सुमारे चौघांपैकी एकाला विकाराचा गंभीर प्रकार झालेला होता. आजची औषधे आणि साखर मोजण्याची साधने त्या अभ्यासाच्या काळापेक्षा कितीतरी चांगली असल्याने चित्र तेवढे भीषण राहिलेले नाही. टाइप 2 मधले चित्र मात्र उलट्या दिशेने सरकते आहे. किशोरवयात टाइप 2 झालेल्या मुलांचा अमेरिकेतील ‘टुडे’ नावाच्या अभ्यासात पाठपुरावा झाला. 2010-11 मध्ये त्यांच्यापैकी सुमारे 14 टक्के जणांच्या पडद्यावर विकार होता. 2017-18 पर्यंत, सरासरी वय पंचविशीच्या आसपास असताना, हे प्रमाण निम्म्याच्या घरात गेले. तरुणपणी होणारा टाइप 2 हा ‘सौम्य मधुमेह’ आहे या भ्रमाला या आकड्यांनंतर जागा उरत नाही.

इन्शुलिन 1921-22 मध्ये हाती येण्यापूर्वी हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण टाइप 1 झालेली मुले पडदा खराब होण्याइतकी जगतच नव्हती. इन्शुलिनने त्यांना आयुष्य दिले आणि वीस-पंचवीस वर्षांनी तिशीतल्या आंधळ्या रुग्णांची एक पिढी नेत्रतज्ज्ञांसमोर उभी राहिली. तिच्यासाठी कोणाकडेच इलाज नव्हता. 1953 मध्ये डेन्मार्कच्या पॉल्सन यांनी एका मधुमेही स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. बाळंतपणानंतर तिची पियुषिका ग्रंथी निकामी झाली आणि त्यानंतर तिच्या पडद्यावरचा विकार मागे हटला. या एका निरीक्षणावरून पुढची काही वर्षे तरुण मधुमेहींची पियुषिका शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचा किंवा किरणांनी जाळण्याचा उपाय युरोप-अमेरिकेत केला गेला. काहींची दृष्टी त्याने वाचली, पण उरलेले आयुष्य हार्मोनच्या गोळ्यांवर आणि साखर एकाएकी कोसळण्याच्या टांगत्या तलवारीखाली काढावे लागले. डॉक्टर आणि रुग्ण असल्या उपायाला तयार होत होते, यावरूनच त्या काळची अगतिकता समजते.

खरी किल्ली वेगळ्या दिशेने सापडली. 1948 मध्ये मायकेलसन यांनी तर्क मांडला होता की रक्त न पोहोचलेला पडदा एखादे रसायन सोडत असावा आणि त्यानेच नव्या रक्तवाहिन्या उगवत असाव्यात. पुढे ते रसायन सापडले. त्याचे नाव व्हीईजीएफ. आता साखळी अशी समजते : चढ्या साखरेमुळे सूक्ष्म वाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, वाहिनीची भिंत दुबळी होऊन जागोजागी फुगे येतात आणि त्यांतून पाणी, चरबी व रक्त झिरपते. झिरपलेले पाणी मॅक्युलात, म्हणजे वाचायला आणि चेहरा ओळखायला लागणाऱ्या पडद्याच्या मध्यबिंदूत, साचले की सूज येते. दुसरीकडे कित्येक वाहिन्या बंदच पडतात. प्राणवायूला आचवलेला पडदा व्हीईजीएफ सोडतो आणि त्याने नव्या वाहिन्या फुटतात. या वाहिन्या उपयोगाच्या नसतात. त्या ठिसूळ असतात, जरा ताण पडला की फुटतात आणि डोळ्याच्या पोकळीत रक्त सांडते.

तरुण डोळा इथे जास्त धोक्यात असतो आणि त्याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्याची पोकळी ज्या पारदर्शक जेलीने भरलेली असते ती वय वाढते तशी पातळ होऊन पडद्यापासून आपोआप सुटते. विशी-तिशीत मात्र ती घट्ट असते आणि भिंतीला खळीने डकवलेल्या कागदासारखी पडद्याला चिकटून असते. नव्या वाहिन्यांना चढायला हा आयताच आधार मिळतो. त्यांच्याबरोबर तंतुमय पापुद्रा वाढतो, तो आकसतो आणि आकसताना पडदा ओढून काढतो. सत्तरीतल्या रुग्णात हाच विकार पुष्कळदा संथ चालतो, पंचविशीत तो काही महिन्यांत सगळा डाव उधळू शकतो.

आणि हे सगळे चालू असताना नजर उत्तम असू शकते. मॅक्युला कोरडा असेल तोवर तरुण माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचतो. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. अचानक डोळ्यांपुढे काळे धागे किंवा माश्या तरंगू लागणे, लालसर धूर पसरणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रेटिना तज्ज्ञ गाठावा, पण ती दिसण्याची वाट पाहणे म्हणजे उपचाराचा सर्वांत चांगला काळ घालवणे होय.

तरुणांना डोळ्यांची जी तक्रार जाणवते ती बहुधा वेगळीच असते, चष्म्याचा नंबर बदलण्याची. साखर वर-खाली झाली की डोळ्याच्या भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते आणि नंबर सरकतो. इन्शुलिन नव्याने सुरू झाल्यावर काही आठवडे जवळचे धूसर दिसणेही नेहमीचेच. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात जाऊन नवा नंबर काढला जातो, नजर स्वच्छ होते आणि ‘डोळे तपासले’ असे समाधान मिळते. दुकानात तपासला जातो तो नंबर; पडद्याकडे कोणी पाहिलेलेच नसते. नवा चष्मा साखर स्थिर होऊन महिना-दीड महिना झाल्यावरच करावा.

तपासणी कधी सुरू करायची याचे नियम जगभर जवळपास सारखे आहेत. टाइप 1 असेल तर निदानानंतर 5 वर्षांच्या आत पहिली तपासणी व्हावी. मुलांच्या बाबतीत साधारण 11 व्या वर्षापासून ती धरतात, कारण वयात येण्याचा काळ पडद्याला अवघड जातो. टाइप 2 असेल तर निदान झाल्याबरोबर, त्याच महिन्यात. त्यानंतर दरवर्षी. पडदा निर्दोष असेल आणि साखर ताब्यात असेल तर डॉक्टर हे अंतर 2 वर्षांपर्यंत वाढवू शकतात, पण तो निर्णय त्यांचा.

कागदावर सोपा वाटणारा हा नियम बडोद्यासारख्या शहरात नेमका कुठे मोडतो ते पाहण्यासारखे आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणारा विद्यार्थी बालरोगतज्ज्ञांच्या हाताखालून सुटलेला असतो आणि मोठ्यांच्या मधुमेहतज्ज्ञांकडे अजून पोहोचलेला नसतो. मकरपुरा किंवा नंदेसरीच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या मुलाला डोळ्यांत थेंब टाकून घेतले की तो दिवस कामाचा राहत नाही, म्हणजे रोज बुडतो. पुण्याला किंवा परदेशात नोकरी लागलेल्याची जुनी कागदपत्रे रावपुऱ्यातल्या घराच्या कपाटात राहतात. अठरा ते तीस हीच वर्षे तपासणीतून निसटण्याची असतात आणि टाइप 1 मध्ये पडदा बिघडण्याचीही नेमकी तीच.

तपासणीत प्रत्यक्ष काय होते? आधी तक्त्यावर नजर पाहतात. मग डोळ्यांत थेंब टाकतात. त्याने बाहुली मोठी व्हायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. जुन्या मधुमेहात बाहुली हट्टी होते आणि थेंब पुन्हा टाकावे लागतात. त्यानंतर रुग्ण स्लिट लॅम्पसमोर हनुवटी टेकवून बसतो, डॉक्टर डोळ्यापुढे एक छोटे भिंग धरतात आणि प्रकाशाच्या बारीक पट्टीत पडद्याचा मध्यभाग सावकाश पाहतात. दुसऱ्या टप्प्यात रुग्णाला आडवे निजवून, डॉक्टर कपाळावर दिवा बांधून हातातल्या भिंगातून पडद्याच्या कडा पाहतात. ‘वर बघा, खाली बघा, उजवीकडे बघा’ असे चालते आणि प्रकाश इतका प्रखर असतो की काही क्षण सगळे गुलाबी दिसते. यात इजा काहीच नसते. पुढचे चार ते सहा तास जवळचे वाचता येत नाही आणि ऊन सोसत नाही, म्हणून काळा चष्मा आणि दुचाकी चालवायला दुसरे कोणीतरी बरोबर हवे.

जे दिसते त्यावरून विकाराच्या पायऱ्या ठरतात. नुसते सूक्ष्म फुगे म्हणजे सौम्य. रक्ताचे ठिपके आणि चरबीचे पिवळे कण आले की मध्यम. तीव्र पायरीसाठी एक ठरलेली कसोटी आहे : पडद्याच्या चारही भागांत प्रत्येकी वीसहून अधिक रक्तठिपके, किंवा दोन भागांत मण्यांच्या माळेसारख्या दिसणाऱ्या शिरा, किंवा एका भागात पडद्याच्या आतच वेड्यावाकड्या फुटलेल्या वाहिन्या. तीव्र पायरीवर आलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना वर्षभरात नव्या वाहिन्या येतात, म्हणून अशा रुग्णाला वर्षाची तारीख देऊन चालत नाही. नव्या वाहिन्या दिसल्या की विकाराने शेवटची पायरी गाठली.

मॅक्युलाची सूज कोणत्याही पायरीवर येऊ शकते. ती मोजायला ओसीटी हे यंत्र आहे. स्पर्शही न करता ते पडद्याचे थर काही मायक्रॉनपर्यंत वेगळे दाखवते आणि काही मिनिटांत काम संपते. कुठल्या वाहिन्या बंद पडल्या आणि कुठल्या गळतात हे पाहायचे असेल तर हाताच्या शिरेतून फ्लुरेसिन हा रंग देऊन अँजिओग्राफी करतात. त्यानंतर दिवसभर त्वचा पिवळसर आणि लघवी गर्द पिवळी होते, हे आधी सांगितलेले नसले की घरचे कावीळ समजून घाबरतात. अलीकडे फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढून संगणकाकडून वाचून घेण्याची सोय आली आहे. बंगळुरूच्या रेमिडिओ कंपनीचे असे उपकरण इंटरनेटशिवायही चालते. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा तालुक्याच्या दवाखान्यात चाळणी म्हणून ही सोय फार मोलाची आहे. फक्त ती चाळणीच आहे. पडद्याच्या कडेला काय चालले आहे ते अशा फोटोत येत नाही.

बडोद्याच्या वैद्यकीय वर्तुळात आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते आणि सर्वसाधारण पुस्तकांत तिला जागा मिळत नाही. 1949 मध्ये स्थापन झालेल्या बडोदा मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या सयाजी हॉस्पिटलात शहराबरोबरच छोटा उदेपूर, पंचमहाल, दाहोद, नर्मदा या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या अलीराजपूर-झाबुआतून रुग्ण येतात. या पूर्व पट्ट्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. गुजरात सरकारने त्यासाठी 2006 पासून वेगळा कार्यक्रम चालवला आहे. मधुमेहाशी त्याचा संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला एचबीए1सी या चाचणीत. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ही चाचणी रक्तातल्या लाल पेशींवर चढलेली साखर मोजते. सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही आणि आकडा भरवशाचा राहत नाही. फक्त वाहक असलेल्यांतही तो थोडा कमी येऊ शकतो. उलट, तरुण मुलींत सर्रास असलेल्या लोहाच्या कमतरतेत तो खऱ्यापेक्षा जास्त येतो. कागदावर 6.8 आणि पडदा मात्र रक्तठिपक्यांनी भरलेला, असा विसंगत मामला समोर आला की ग्लुकोमीटरच्या नोंदी पाहाव्यात, फ्रुक्टोसामिनसारखी दुसरी चाचणी करावी आणि हिमोग्लोबिनचा प्रकार तपासून घ्यावा. दुसरा संबंध थेट पडद्याशी आहे. सिकलसेलही पडद्यावर नव्या वाहिन्या उगवू शकतो. त्या बहुधा अगदी कडेला, पंख्याच्या आकारात येतात, तर मधुमेहातल्या नव्या वाहिन्या नेत्रमज्जेच्या चकतीजवळ किंवा मोठ्या शिरांच्या कडेने दिसतात. एकाच तरुणात दोन्ही आजार असणे अशक्य नाही, म्हणून या भागातील रुग्णाच्या पडद्याच्या कडा पाहिल्याशिवाय तपासणी पुरी मानू नये.

उपचाराचा पाया साखरेवरच उभा आहे. डीसीसीटी या उत्तर अमेरिकेतील अभ्यासात 13 ते 39 वयाचे टाइप 1 असलेले 1441 जण होते, म्हणजे या प्रकरणाचे नायकच. 1993 मध्ये निष्कर्ष आले : दिवसातून तीन-चारदा इन्शुलिन घेऊन एचबीए1सी सातच्या आसपास ठेवणाऱ्यांत पडद्याचा विकार नव्याने होण्याची शक्यता, नऊच्या आसपास राहणाऱ्यांच्या तुलनेत, 76 टक्क्यांनी घटली. आधीच सौम्य विकार असलेल्यांत तो वाढण्याची शक्यता 54 टक्क्यांनी घटली. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली, तरी पहिल्या गटाचा फायदा पुढे कित्येक वर्षे टिकला. तरुणपणी सांभाळलेली वर्षे चाळिशीत कामी येतात, याचा इतका सबळ पुरावा वैद्यकात फार कमी ठिकाणी आहे.

त्याच अभ्यासाने एक सावधगिरीही शिकवली. बरीच वर्षे चढी राहिलेली साखर झपाट्याने खाली आणली की पहिल्या वर्षभरात काहींचा पडदा आधी बिघडतो आणि मग सुधारतो. इन्शुलिन पंप बसवताना किंवा सेमाग्लुटाइडसारखे जोरकस औषध सुरू करताना हे ध्यानात ठेवावे लागते. पडदा आधी तपासून घ्यावा, तीव्र विकार असेल तर त्याचा उपचार आधी करावा आणि पहिले वर्ष दर काही महिन्यांनी पाहत राहावे. साखर उतरवणेच टाळावे असा याचा अर्थ कोणी काढू नये.

रक्तदाब तरुणांतही मोजायला हवा. लघवीतील प्रथिनांची चाचणीही त्याच बैठकीत करावी, कारण मूत्रपिंड आणि पडदा बहुधा जोडीने बिघडतात. टाइप 2 मध्ये फेनोफायब्रेट या चरबीवरच्या गोळीने विकाराची वाढ मंदावते असे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. व्यायामाला बंदी नाही, उलट तो हवाच. अपवाद उपचार न झालेल्या नव्या वाहिन्यांचा. त्या असताना जिममध्ये श्वास रोखून जड वजन उचलणे किंवा डोके खाली करून केलेली आसने रक्तस्राव घडवू शकतात. बडोद्यात नवरात्रीचे नऊ दिवस तास-तास गरबा चालतो. पडदा स्थिर असलेल्याने तो खुशाल खेळावा, मात्र उपवास आणि गरबा एकाच दिवशी आले तर साखर घसरण्याची तजवीज करून, ग्लुकोज खिशात ठेवून.

आज वापरात असलेल्या उपचारांत नव्या वाहिन्यांवरचा सर्वांत जुना आणि अजूनही भरवशाचा उपचार म्हणजे लेझर. मेयर-श्वाइकराथ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने सूर्यग्रहण पाहून पडदा जळलेले रुग्ण पाहिले आणि प्रकाशाने हेतुपुरस्सर डाग देण्याची कल्पना त्यांना सुचली. 1976 मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीने दाखवून दिले की पडद्याच्या कडेच्या भागात असे डाग दिल्यास दृष्टी गंभीरपणे जाण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली येते. तर्क साधा आहे : प्राणवायू न मिळणारा काठाचा पडदा व्हीईजीएफ सोडतो, तो भागच निकामी केला की मागणी घटते आणि नव्या वाहिन्या सुकतात. एका डोळ्याला साधारण बाराशे ते सोळाशे डाग लागतात आणि ते दोन-तीन बैठकांत देतात. बधिर करणारा थेंब टाकून डोळ्यावर भिंग बसवतात आणि हिरव्या प्रकाशाचे लखलखाट सुरू होतात. तरुणांना ते अधिक दुखते, विशेषतः पडद्याच्या मागून नसा जातात तिथे. असह्य झाले तर डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन भूल देता येते, ती मागायला संकोच करू नये. बाजूचे आणि अंधारातले दिसणे थोडे कमी होते. तरुणांना आणखी एक त्रास होतो. जवळ पाहताना भिंगाचा आकार बदलवणाऱ्या नसांना धक्का लागून काही आठवडे वाचताना ताण पडतो. परीक्षा तोंडावर असेल तर डॉक्टरांशी बोलून बैठकांच्या तारखा ठरवाव्यात.

मॅक्युला सुजून नजर उतरली असेल तर पहिला उपचार व्हीईजीएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांचा. शस्त्रक्रियागृहात डोळा आयोडिनने धुऊन, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, केसासारख्या सुईने 0.05 मिलिलिटर औषध आत सोडतात. टोचल्याचे कळते, काही सेकंदांत संपते. सुरुवातीला दरमहा आणि पहिल्या वर्षात आठ-नऊ इंजेक्शने लागतात. पुढच्या वर्षांत गरज झपाट्याने कमी होते. सूज असूनही नजर उत्तम असेल तर लगेच टोचायची गरज नाही, बारकाईने पाहत राहिले तरी चालते, हे 2019 च्या एका चाचणीने दाखवले. सूजेवर स्टेरॉइडची इंजेक्शनेही आहेत, पण त्यांनी मोतीबिंदू आणि डोळ्याचा दाब वाढतो. स्वतःचे स्वच्छ भिंग असलेल्या तरुण डोळ्यात ती शेवटचा पर्याय म्हणूनच वापरतात.

खर्च हा इथला कळीचा मुद्दा आहे. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कर्करोगाचे औषध. एका कुपीतून अनेकांसाठी मात्रा काढता येतात म्हणून ते स्वस्त पडते. पण कुपीतून वाटण्या करताना निर्जंतुकतेत चूक झाली तर अनेक डोळे एकदम धोक्यात येतात. 2016 च्या जानेवारीत गुजरातमध्ये या इंजेक्शनानंतर पंधरा रुग्णांच्या डोळ्यांना त्रास झाला आणि केंद्रीय औषध नियंत्रकांनी त्याच्या वापराविरुद्ध इशारा दिला. मार्चमध्ये तो मागे घेण्यात आला. अहमदाबादच्या इंटास कंपनीने 2015 मध्ये रॅनिबिझुमॅबची जगातील पहिली समकक्ष आवृत्ती भारतात आणल्यावर मध्यम खर्चाचा पर्याय उपलब्ध झाला. इंजेक्शनानंतर दोन-तीन दिवसांत दुखणे, लाली आणि धूसरपणा वाढत गेला तर तो जंतुसंसर्ग समजून तातडीने परत जावे.

नव्या वाहिन्यांवरही ही इंजेक्शने चालतात. 2015 च्या एका चाचणीत ती लेझरइतकीच परिणामकारक ठरली आणि बाजूची दृष्टीही त्यांनी जास्त राखली. त्यावरून तरुणांना लेझर नकोच, असा सूर काही ठिकाणी निघतो. तो सरसकट मान्य करता येत नाही. इंजेक्शनाचा परिणाम काही आठवड्यांचा, लेझरचा कायमचा. इंजेक्शनांवर असलेले रुग्ण मध्येच सहा महिने-वर्ष गायब झाले तेव्हा पडदा ओढला जाण्याचे प्रमाण त्यांच्यात लेझर झालेल्यांपेक्षा जास्त आढळले. छोटा उदेपूरहून सुमारे 100 किलोमीटर प्रवास करून येणाऱ्या, हंगामात मजुरीला दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्या तरुणाला दरमहा या म्हणणे व्यवहार्य नाही. त्याच्यासाठी लेझर आधी पुरे करणे हाच शहाणपणा. शहरात राहणाऱ्या, तारखा पाळणाऱ्या मुलीसाठी निर्णय वेगळा होऊ शकतो. औषधाची निवड करताना पडद्याइतकेच रुग्णाचे जगणेही विचारात घ्यावे लागते.

डोळ्यात रक्त सांडले किंवा पापुद्रा पडदा ओढू लागला की विट्रेक्टमी ही शस्त्रक्रिया येते. रॉबर्ट माखेमर यांनी ती 1970 च्या सुमारास मायामीत विकसित केली. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला तीन बारीक छिद्रे पाडून रक्ताळलेली जेली कापून शोषून घेतात, पापुद्रे सोलतात, तिथल्या तिथे लेझर देतात आणि गरज असेल तर वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. वायू असेपर्यंत विमानप्रवास निषिद्ध. पूर्वी सांडलेले रक्त आपोआप विरघळण्याची वर्षभर वाट पाहत. 1985 च्या चाचणीने तरुणांसाठी ही प्रथा चुकीची ठरवली : टाइप 1 च्या रुग्णांत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 36 टक्के जणांना दोन वर्षांनी चांगली नजर होती, थांबलेल्यांपैकी 12 टक्केच. शस्त्रक्रियेआधी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून व्हीईजीएफ रोखणारे इंजेक्शन देतात, तेव्हा ते तीन ते पाच दिवस आधीच द्यावे लागते आणि तारीख पुढे ढकलायची नसते. मधल्या काळात पापुद्रा आकसून पडदा ओढला जाण्याचा धोका असतो.

गरोदरपणाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीचा पडदा या नऊ महिन्यांत वेगाने बिघडू शकतो. तपासणी शक्यतो दिवस राहण्याआधी, नाहीतर पहिल्या तिमाहीत, मग प्रत्येक तिमाहीत आणि बाळंतपणानंतर वर्षभर करावी. लेझर या काळात निर्धोक आहे, व्हीईजीएफ रोखणारी इंजेक्शने टाळतात. म्हणून लेझर लागणारच असेल तर तो आधी उरकणे बरे. फक्त गरोदरपणात उद्भवलेल्या मधुमेहात पडद्याच्या या फेऱ्यांची गरज नसते. लग्न ठरताना मुलीचा मधुमेह लपवला जातो तेव्हा गर्भधारणेपूर्वीची ही तपासणी हमखास चुकते, आणि त्याची किंमत तिचे डोळे मोजतात.

सगळे करूनही काहींची दृष्टी उणी राहते. त्यांच्यासाठी भिंगे, मोठ्या अक्षरांचे स्क्रीन, मजकूर वाचून दाखवणारे फोन आणि नोकरीचे पुनर्प्रशिक्षण ही साधने आहेत. अहमदाबादची अंधजन मंडळ ही संस्था असे प्रशिक्षण देते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह 6/18 पेक्षा कमी आणि 3/60 पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र 40 अंशांहून कमी उरले असेल, तर ती अल्पदृष्टी धरली जाते. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला सरकारी रुग्णालयातून मिळाल्यावर शिक्षणातील आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. पुष्कळ लेझर झालेल्या रुग्णाची तक्त्यावरची नजर बरी असूनही क्षेत्र आकसलेले असू शकते, त्यामुळे दाखल्यासाठी जाताना दृष्टिक्षेत्राची चाचणी करून घ्यावी.